सव्वाशे किलोमीटरची तयारी आणि शेवटचे अडीच फूट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही एक जुना कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, उतरवत होतो. 10 एचपीची मोटर, दोन टप्प्यांचा पंप, 500 लिटरची आडवी टाकी. उतरवताना तो फळीवरून सरकला, आडवा वळला आणि एका अंगावर कलून अडकला. गॅरेजवाल्याच्या धाकट्या भावाची करंगळी बेल्टगार्ड (बेल्टवरची जाळी) आणि पिकअपच्या फाळक्यात सापडली, नख गेलं. यापेक्षा जास्त काही झालं नाही, कारण एक दोर योगायोगाने नीट बांधलेला होता.

त्या कामाचा मुख्य मी होतो. बेळगावच्या उद्यमबागेत वीस वर्षं मी कॉम्प्रेसर दुरुस्त करतो आणि बसवून देतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण आता असं काम आपल्या भागात रोज होतं. उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि तिकडे कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांनी स्क्रू कॉम्प्रेसर घेतले, की त्यांचे जुने पिस्टनवाले कॉम्प्रेसर चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बैलहोंगलच्या गॅरेजांत जातात. नवीन माल घेतला तर कंपनीचा माणूस येतो, लाकडी पाया आणि खोका असतो. जुना घेतला तर चार हमाल, एक पिकअप आणि ओळखीतला कुणीतरी जाणकार. तो जाणकार म्हणजे माझ्यासारखा माणूस.

गोकुळ शिरगाव

सौदा झाला तो एका बंद पडलेल्या मशीनशॉपमध्ये. गॅरेजवाला पोरगा माझ्याबरोबर होता. वय अठ्ठावीस, गाड्यांचं पेंटिंग आणि डेंटिंग करतो, 3 एचपीच्या कॉम्प्रेसरवर स्प्रे गन आणि एअर गन एकाच वेळी चालेना म्हणून मोठा हवा होता.

पहिलं काम टाकी रिकामी करण्याचं. दाबाच्या घड्याळाचा काटा शून्यावर होता. विकणाऱ्याचा फिटर लगेच तपासणी झाकणाचे बोल्ट सोडायला बसला. मी त्याला थांबवून आधी बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला, तर फुस्स करून हवा बाहेर आली. काटा अडकलेला होता. आत फार नसेल, एक बारच्या आसपास. पण हिशोब बघा: झाकण 10 सेंटिमीटर व्यासाचं, त्याचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटिमीटर, आणि एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोभर जोर. म्हणजे त्या झाकणामागे ऐंशी किलो जोर करून बसले होते आणि फिटरचं तोंड त्याच्यासमोर वीतभर अंतरावर होतं. घड्याळावर विश्वास ठेवू नये, व्हॉल्व्ह उघडून हाताला हवा लागते का ते बघावं, आणि हवा थांबल्यावर तो व्हॉल्व्ह उघडाच ठेवून यंत्र हलवावं. वाहतुकीत उन्हाने किंवा कुणी चुकून मोटर चालू केली तर टाकीत दाब राहायला नको.

दुसरं, पाणी. तळाचा ड्रेन कॉक उघडला तर थेंबही आला नाही. फिटर म्हणाला, "साहेब, टाकी कोरडी आहे." मला पटलं नाही, पण त्या वेळी मी नाद सोडला. पुढे वजनकाट्यावर पिकअप रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलली, तेव्हा फरक 450 किलो आला. या बनावटीच्या यंत्राचं वजन 410 किलो धरतात हे मला माहीत होतं. चाळीस किलो कुठून आले? परत येऊन कॉकमध्ये तार घातली, गंजाचा गाळ खरवडला, आणि तेल मिसळलेलं तांबूस पाणी सुटलं. तीन बादल्या भरत आल्या. काट्यावर पुन्हा 410.

हे चाळीस किलो नुसतं वजन नव्हतं, चालतं वजन होतं. टाकी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला पाणी धावतं आणि पडणाऱ्याला आणखी ओढतं. आज विचार केला की अंगावर काटा येतो: ते पाणी आत असतं, तर संध्याकाळी जे झालं ते तिथे थांबलं नसतं.

उचलण्याचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या माणसाने चेन ब्लॉकचा हूक सरळ मोटरच्या आय बोल्टमध्ये अडकवला. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितली आहे की आता आश्चर्य वाटत नाही, फक्त काळजी वाटते. मोटरच्या डोक्यावरचा तो कान मोटर उचलण्यासाठी असतो. मोटरचं वजन सत्तरेक किलो, आणि तिच्याखाली टाकी, पंप मिळून साडेतीनशे किलो लोंबकळणार! कान नाही तुटला तर मोटरचे पाय तुटतील. पंपाच्या हेडला किंवा दोन टप्प्यांमधल्या फिनच्या तांब्याच्या पाईपला पट्टा घालणं त्याहून वाईट.

या टाकीला उचलायचे कान नव्हते. म्हणून दोन चपटे पट्टे टाकीच्या पोटाखालून, पायांच्या आतल्या अंगाने घेतले. इथे एक बारीक गोष्ट आहे. पट्टे टाकीला धरतात, पण वजनाचा मध्य टाकीच्या वर, पंप-मोटरच्या बुडाशी असतो. असं यंत्र पट्ट्यांच्या झोळीत उलटं फिरू शकतं, जशी डोईवरची घागर जरा कलली की फिरते. म्हणून तिसरा पट्टा पंपाच्या ब्लॉकभोवती घेऊन हुकाला बांधला. त्याने वजन घ्यायचं नाही, फक्त डोकं कलू द्यायचं नाही. पट्ट्यांचा आडव्या रेषेशी कोन साठ अंशांच्या वर ठेवला. साठ अंशांना प्रत्येक बाजूवर एकूण वजनाच्या 58 टक्के ताण येतो. तोच कोन तीस अंशांवर आणला, आखूड पट्टा ताणून बसवला, तर प्रत्येक बाजूवर सगळंच्या सगळं 410 किलो येतं.

रस्ता

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे आमचं बरोबर झालं.

टाकी पिकअपच्या लांबीच्या दिशेने, एक टोक केबिनमागच्या जाळीला लाकडाचा ठोकळा देऊन टेकवलेलं. ब्रेक लावल्यावर माल पुढे जातो, आणि मालवाहतुकीच्या हिशोबात पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना 0.5 पट जोर धरून बांधायचं असतं. 410 किलोला पुढे साधारण 330 आणि बाजूंना 205 किलो. एवढा जोर नुसत्या दोराने घ्यायचा नाही, ठोकळ्याने घ्यायचा, दोराने फक्त जागेवर ठेवायचं. चार कोपऱ्यांतून चार रॅचेट बेल्ट टाकीवरच्या मोटरच्या पाट्याला घेतले, पंपाला एकही नाही. पायांखाली रबराच्या पट्ट्या, म्हणजे पत्र्यावर लोखंड घसरत नाही. पंपात तेल होतं, म्हणून यंत्र उभंच न्यायचं हे ठरलेलं होतं. आडवं केलं तर क्रँककेसमधलं तेल सिलिंडरमध्ये जातं आणि पहिल्यांदा चालू करताना पंप अडतो किंवा व्हॉल्व्हच्या पट्ट्या मोडतात.

माल 50,000 रुपयांवरचा, महाराष्ट्रातून कर्नाटकात येणारा, म्हणून बिल आणि ई-वे बिल आधीच तयार. कागदांसाठी सीमेवरच्या कोगनोळीला कुणाशी वाद घालत उभं राहावं लागलं, की मग तो गेलेला वेळ माणूस उतरवताना घाईत भरून काढतो. हे मी अनुभवाने सांगतो.

निपाणीला उतरून बेल्ट तपासले. दोन सैल झाले होते. लाकूड दबतं, रबर दबतं, पहिल्या वीसेक किलोमीटरमध्ये हे होतंच. पुन्हा आवळले आणि मग तवंदी घाटाला लागलो. पावसाची झड होती, समोरचा ट्रक दिसत नव्हता. ड्रायव्हर निपाणीचाच, घाट पाठ असलेला. वळणावर त्याने तिसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही. संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, मग मच्छेवरून खानापूर. बेल्ट हलला नाही.

पुढे संध्याकाळी मी जमिनीवर बसून टेपने यंत्र मोजलं तेव्हा कळलं की घाटातही आम्ही थोडे नशिबावरच आलो होतो. ते मोजमाप सकाळी घ्यायला हवं होतं.

अडीच फूट

गॅरेजवर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की दोन हातांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. खानापुरातून हायड्रा क्रेन मागवायचा विचार झाला, पण गॅरेजकडे येणारा बोळ अरुंद, तांबड्या मातीचा चिखल झालेला. चाकं रुतली तर हायड्रा काढायला दुसरी हायड्रा लागणार. ड्रायव्हरला रात्री परत जायचं होतं. पोराचे मामा म्हणाले, "अहो, सहा माणसं आहेत. चारशे किलो म्हणजे काय, आठ पोती सिमेंट."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वजनाच्या हिशोबाने ते बरोबर होतं. मीही मान हलवली. आणि इथेच मी चुकलो, कारण प्रश्न वजनाचा नव्हता.

पिकअपच्या हौद्याची उंची 75 सेंटिमीटर, अडीच फूट. आठ फुटी दोन फळ्या लावल्या, म्हणजे उतार साधारण 18 अंश झाला. यंत्र लांबीच्या दिशेने उतरवायचं ठरलं, ते बरोबर होतं. मागे ओढून धरायला दोन दोर. एक जाड सोल दोन हमालांच्या हातात, ते हौद्यात उभे. दुसरा नायलॉनचा दोर मी हौद्याच्या पुढच्या हुकाला एक पूर्ण फेरा देऊन गॅरेजवाल्याच्या हातात दिला. खाली मी आणि मामा, दोघं दोन बाजूंना. धाकटा भाऊ कडेला, फाळक्याजवळ. त्याला मी काही काम दिलं नव्हतं. काम नसलेला माणूस आपोआप मदतीला हात घालतो, म्हणून त्याला तिथे उभं राहू द्यायला नको होतं.

हमाल दोघे बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे, मराठी कामापुरतं येणारे. आपल्या भागात याचं कुणाला काही वाटत नाही. हमाल कन्नडमध्ये बोलतो, मिस्त्री मराठीत उत्तर देतो, ड्रायव्हर हिंदीत शिव्या देतो आणि काम होतं.

यंत्र हौद्यातून फळ्यांवर आलं. चार पाय दोन फळ्यांवर बसले. एक फूट सरकलं, दोन फूट. तेवढ्यात डावीकडच्या फळीचं खालचं टोक चिखलात रुतायला लागलं. मी ओरडलो, "थांबा!" मामांनी वर बघितलं आणि हमालांना ओरडून सांगितलं, "सोडू नको रे! सोडू नको!"

पत्र्यावरच्या पावसात हमालाला ऐकू आलं, "सोडू..." त्याने सोल ढिली सोडली.

यंत्र एकदम हातभर खाली आलं, रुतलेल्या फळीकडे वळलं, डावा पुढचा पाय फळीच्या कडेवरून निसटला. टाकी कलली. धाकट्याने हात घातला, बेल्टगार्ड त्याच्या बोटावर फाळक्याला जाऊन टेकला. मामा पाठीने टाकीला अडवायला निघाले होते. मी त्यांच्या खांद्याला धरून मागे ओढलं, तेव्हा ते माझ्यावर चिडले. हुकाचा फेरा असलेला दोर करकरून ताणला आणि यंत्र थांबलं.

गॅरेजवाला एकटा होता त्या दोरावर. तरी धरून राहिला, कारण हुकाला एक पूर्ण फेरा दिला की हातावर येणारा ताण चार-पाच पटीने तरी कमी होतो. दोन जणांच्या ओल्या हातातली जाड सोल सुटली आणि एका माणसाच्या हातातला बारीक दोर टिकला, तो या फेऱ्यामुळे.

का झालं

आधी सगळ्यांना दहा पावलं मागे घेतलं. धाकट्याला दुसऱ्या गाडीवर खानापूरला दवाखान्यात पाठवलं. कललेल्या टाकीखाली लाकडाचे ठोकळे पहारेने सरकवले, हात कुठेही खाली न घालता. दोर हुकाला पक्का बांधला. मग बसलो.

टेप काढला. पायांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी 46 सेंटिमीटर. लांबीच्या दिशेने 115. एकूण उंची एक मीटर पस्तीस. आता वजनाचा मध्य. टाकी साधारण 180 किलो, तिचा मध्य जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर. पंप 125 किलोच्या आसपास, एक मीटरच्या वर. मोटर सत्तर-पंचाहत्तर किलो, 95 सेंटिमीटरवर. बाकी गार्ड, पाटा, पाईप. सगळ्याचा मेळ घातला तर मध्य येतो जमिनीपासून 75 सेंटिमीटरवर. नुसत्या टाकीकडे बघून कुणी एवढा वर सांगणार नाही. डोळ्यांना टाकी मोठी दिसते, म्हणून वजन खाली आहे असं वाटतं. पण टाकी पोकळ आहे, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भार वर आहे.

अर्धी रुंदी 23, उंची 75. भागाकार 0.31, म्हणजे 17 अंश. बाजूला एवढं कललं की हे यंत्र पडणार. 46 सेंटिमीटर रुंदीत 17 अंश म्हणजे एका बाजूचा पाय साडेतेरा सेंटिमीटर खाली जाणं. अर्ध्या वितीपेक्षा जरा जास्त. फळी चिखलात तेवढी रुतायला काही वेळ लागत नाही, आणि हलत्या यंत्राला तर त्याहून कमी पुरतं. लांबीच्या दिशेने हाच आकडा 37 अंश येतो, म्हणून 18 अंशांचा उतार त्या दिशेने काहीच नव्हता. ते जोपर्यंत सरळ होतं तोपर्यंत सुरक्षित होतं. आडवं वळलं त्या क्षणी तोच 18 अंशांचा उतार त्याच्या बाजूवर आला, आणि सीमा 17 होती.

आणि तोच 0.31 घाटातल्या 0.5 शी ताडून बघा. बाजूच्या जोराला हे यंत्र सरकण्याआधी कलतं. रॅचेट बेल्ट बांधले नसते, तर तवंदीच्या वळणावर ते फाळक्यावर गेलं असतं. बेल्टनी सांभाळलं, पण यंत्राच्या स्वतःच्या पायांत ते नव्हतं.

दुसरं कारण ते वाक्य. त्या हमालाची चूक नव्हती, हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, कारण ड्रायव्हर त्याला बोलायला लागला होता. मराठीत नकार शेवटी येतो. "सोडू नको" यातलं काम अडवणारं अर्धं वाक्य पावसात विरून गेलं आणि उरलं ते नेमकं उलटं. कन्नडमध्येही तसंच: "बिडब्याड" म्हणजे सोडू नको, पण ऐकू आलेलं "बिड" म्हणजे सोड. दोन्ही भाषांचा स्वभाव एकच, त्यामुळे भाषा बदलून उपयोग नाही. शब्द बदलायला हवा. धर, हिडी. थांब, निल्लु. जे करायचं तेच ओरडायचं, जे करायचं नाही ते ओरडायचंच नाही. आणि ओरडणारा एकच. मी थांबा म्हटलं होतं, मामांनी त्यांच्या काळजीपोटी दुसरं वाक्य जोडलं, आणि दोरावरच्या माणसाला दोन हुकूम मिळाले.

तिसरं कारण मी स्वतः. सकाळपासून मी रस्त्याची तयारी केली होती. काटा, बेल्ट, कागद, घाट. उतरवायची जागा मी बघितलीच नव्हती. पोराला फोनवर विचारलं, "उतरवायला जागा आहे ना?" तो म्हणाला, "आहे की." तेवढ्यावर निघालो. जमीन कसली आहे, गाडी कुठे उभी राहणार, वर वीज तार आहे का, गॅरेजात उचलायला काय आहे, यातलं एकही विचारलं नाही. एक फोटो मागवला असता तरी चिखल दिसला असता.

दुसऱ्यांदा

गॅरेजात उचलायचं साधन होतं! कोपऱ्यात गाड्यांचं इंजिन काढायचं तीन पाईपांचं तिकाटणं आणि एक टनाची चेन पुली पडली होती. तिकाटणं बारा फूट उंच. मी विचारलं असतं तर फळ्या लावल्याच नसत्या. पोराने सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी ते इंजिनसाठी होतं.

ड्रायव्हरला मुक्कामाचे पैसे देऊन थांबवलं. त्या रात्री फक्त एवढंच केलं: पुलरने यंत्र इंच-इंच मागे हौद्यात घेतलं, बांधलं, ताडपत्री टाकली आणि सगळे जेवायला गेलो. अंधारात, ओल्यात, चुकल्याच्या तिरमिरीत दुसरा प्रयत्न करायचा नाही, यावर मामाही काही बोलले नाहीत.

सकाळी पाऊस उघडला होता. पहिलं काम केलं ते गोकुळ शिरगावातच करायला हवं होतं: चार इंच जाड, तीन फूट लांब असे दोन सागवानी ओंडके वखारीतून आणून यंत्राच्या पायांना आडवे बोल्टने जोडले. रुंदी 46 वरून 91 सेंटिमीटर झाली. मध्य थोडा वर गेला, पण कलण्याची सीमा 17 वरून 29 अंशांवर आली, आणि 0.31 चं 0.55 झालं. दोन ओंडके आणि चार बोल्ट. हा पाया आधी असता तर घाटातही बेल्टवर भार कमी आला असता.

तिकाटण्याचे पाय फळ्यांच्या तुकड्यांवर ठेवले, चिखलात रुतू नयेत म्हणून, आणि तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधले, फाकू नयेत म्हणून. विजेची तार बोळाच्या पलीकडे आहे हे बघून घेतलं. पिकअप दोन पायांच्या मधून मागे घेतली. पट्टे कालच्याच पद्धतीने, टाकीला दोन, पंपाला आधाराचा एक. दोन इंच उचललं आणि तिथेच पाच मिनिटं टांगून ठेवलं. पट्टा सरकतो का, तिकाटणं करकरतं का, यंत्र कुठे झुकतं का. जरा मोटरच्या बाजूला झुकत होतं, परत टेकवून पट्टा बोटभर सरकवला. मग पिकअप खालून पुढे काढली, आणि यंत्र चेनवर हळूहळू जमिनीवर आणलं. हुकूम मी एकटा देत होतो, दोनच शब्दांत. सोल धरणारा तोच हमाल होता. त्याला मी मुद्दाम तिथेच उभं केलं, लांबच्या कोपऱ्यात बसवलं नाही.

अर्ध्या तासात झालं. माणसं चारच लागली.

आत नेताना प्लायवूड टाकून पाईपच्या तुकड्यांवर ढकललं, सपाट जागेवर त्याला काही अडचण नव्हती. बसवण्याबद्दल एवढंच: बेल्टगार्डची बाजू भिंतीपासून दोन फूट ठेवली, कारण फ्लायव्हीलच्या पात्या पंपाला हवा घालतात. ओंडके काढून पायांखाली रबराचे पॅड दिले. पाय काँक्रीटला बोल्टने घट्ट आवळायचे नाहीत, नाहीतर सततच्या थरथरीने पायांच्या वेल्डिंगजवळ टाकीला चीर जाते. चालू करण्याआधी फ्लायव्हील हाताने चार-पाच फेरे फिरवून बघितलं, तेल सिलिंडरमध्ये चढलेलं नाही याची खात्री केली. पहिल्या झटक्यात मोटर उलटी फिरली, दोन फेज अदलाबदल केल्या.

आणि टाकी. ज्या टाकीत वर्षानुवर्षं पाणी साचून राहिलं, तिचा तळ आतून किती खाल्लाय हे बाहेरून दिसत नाही. 500 लिटरची टाकी 8 बारला भरली की तिच्यात बाहेरची साडेचार घनमीटर हवा कोंबलेली असते. म्हणून आठ दिवसांनी टाकी पाण्याने भरून नेमप्लेटवर कोरलेल्या चाचणीच्या दाबाला तपासून घेतली, आणि तळाची जाडी यंत्राने मोजून घेतली. पाण्याने अशासाठी, की पाणी दबत नाही. टाकी फुटलीच तर पाणी गळून दाब जातो, हवेसारखा स्फोट होत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात दाबाच्या टाक्यांसाठी 31 वं आणि उचलण्याच्या साधनांसाठी 29 वं कलम होतं, पण चार माणसांचं गॅरेज त्या कायद्याच्या टप्प्यात येत नव्हतं. तिथे तपासायला कुणी येणार नाही. टाकी मात्र मोठ्या कारखान्यातलीच असते. तळ धरण्यासारखा निघाला. नसता निघाला तर मी त्याला टाकी बदलायला लावली असती, सौदा कितीही स्वस्तात झाला असला तरी.

महिन्याने ड्रेन कॉकला लांब पाईप जोडायला मी परत गेलो, म्हणजे रोज वाकावं लागू नये. धाकट्याच्या बोटाला नवीन नख येत होतं. टाकीच्या अंगावर गाड्यांच्या पिवळ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलेलं होतं: वजन 410 किलो, पट्टा फक्त टाकीला, मोटरला हूक नको. त्याच्याखाली तेच कन्नडमध्ये. कन्नड कुणी लिहिलं म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, "त्या हमालानंच. गेल्या आठवड्यात सिमेंट घेऊन आलता, ब्रश मागून घेतला."

मी त्याला "मोटरला हूक नको" हे खोडून "हूक इथे" असं टाकीकडे बाण काढून लिहायला सांगितलं.